एपीआय नक्की कोणाचा? डेव्ह टीम, प्लॅटफॉर्म टीम आणि मधला गेटवे

अर्धविराम
मंडळी, हा धागा अर्धा भडास आणि अर्धा खरा प्रश्न आहे, सांभाळून घ्या. मी डेव्ह टीममध्ये (कोड लिहिणारे), बॅकएंड. आमच्या एका एपीआयवर (दुसऱ्या प्रोग्रॅमने आमच्या सर्व्हिसला कॉल करायचं दार) पार्टनर कंपनीला अधूनमधून ४२९ हा एरर ("फार रिक्वेस्ट झाल्या") यायला लागला. आम्ही कोड चाळला, ४२९ देणारी एक ओळ सापडली नाही, लॉग बघितले तर त्या रिक्वेस्ट आमच्यापर्यंत पोचलेल्याच नाहीत. प्लॅटफॉर्मवाल्यांना (सर्व्हर आणि सगळ्या रिक्वेस्ट जिथून आत येतात तो गेटवे सांभाळणारी टीम) विचारलं तर म्हणाले रिक्वेस्टवरचं लिमिट तुमच्याच टीमने तिकीट (कामाची लेखी विनंती) टाकून लावून घेतलंय. तिकीट उघडलं, ज्याने टाकलं तो केव्हाच सोडून गेलाय आणि आत नुसता आकडा, हाच आकडा का त्याबद्दल अवाक्षर नाही. आता तो वाढवायचा तर प्लॅटफॉर्म म्हणतंय "तुमच्या डेटाबेसला झेपेल का ते तुम्ही सांगा", आम्ही म्हणतोय "गेटवेवर किती ट्रॅफिक येतंय ते आधी दाखवा", कारण ते डॅशबोर्ड आम्हाला दिसतच नाहीत. पार्टनर बिचारा मधल्यामधे लटकलाय.

तर रेट लिमिट (ठरावीक वेळात किती कॉल चालतील), टाइमआउट, ऑथ (कोण आहे, काय करू द्यायचं ते तपासणं), स्पेक (एपीआयचं लेखी वर्णन), जुनी व्हर्जन बंद करणं, एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट, यातलं काय डेव्हचं आणि काय प्लॅटफॉर्मचं? तुमच्याकडे कसं वाटून घेतलंय? "सहकार्य करावं" छाप उत्तरं नकोत प्लीज, ती आमच्या मॅनेजरकडून रोज मिळतात.

तिरसट
सोपंय. चाललं तर डेव्हचं, पडलं तर प्लॅटफॉर्मचं. :)

खटपट्या
तिरसट, आमच्याकडे नेमकं उलटं आहे हो. पण धागा आवडला, रुमाल टाकून ठेवतो, सविस्तर रात्री लिहितो.

रात्रपाळी
मी पलीकडच्या बाजूचा, प्लॅटफॉर्मवाला. शिव्या खायची सवय आहे तेव्हा बिनधास्त बोला.

अर्धविराम, तुमच्या केसमध्ये खरी गोची ही आहे की एकाच लिमिटकडून दोन कामं करून घेतली जातायत. एक लिमिट असतं गेटवे वाचवायला, म्हणजे एका क्लायंटने धुमाकूळ घातला तरी बाकीच्या टीमचे एपीआय चालू राहिले पाहिजेत. हे शंभर टक्के आमचं, त्याचा आकडा आम्ही ठरवणार आणि त्यासाठी कोणाची परवानगी मागणार नाही. दुसरं लिमिट असतं धंद्याचं, म्हणजे या पार्टनरच्या प्लॅनमध्ये मिनिटाला किती कॉल बसतात, किंवा या एंडपॉइंटमागची (एपीआयच्या एका पत्त्यामागची) क्वेरी जड आहे म्हणून तो जरा आवरता ठेवायचा. हे आम्हाला कळायचं कुठून? सर्च एंडपॉइंटचा एक कॉल मागे किती टेबलं ढवळतो ते कोड लिहिणाऱ्यालाच माहीत. तो आकडा तुमचा, तो अमलात आणायचं यंत्र आमचं.

आणि दोन्हीकडून नुसता ४२९ जातो म्हणून घोळ होतो. हा कोड २०१२ च्या आरएफसी ६५८५ मधला (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे लेखी नियम), त्यात रिट्राय-आफ्टर हेडर (उत्तरासोबतची टीप, "एवढ्या वेळाने परत या") देता येतो असंही लिहिलंय, पण तो पाठवायचे कष्ट किती जण घेतात? एनजिनएक्स या वेब सर्व्हरचं लिमिट वापरत असाल तर अजून गंमत, त्याचं डिफॉल्ट उत्तर ४२९ नाहीच, ५०३ (सर्व्हिस उपलब्ध नाही) आहे. वेगळं सेट केलं नाही तर क्लायंटला वाटतं सर्व्हिसच झोपली आणि रात्री फोन जातो डेव्हला. आम्ही आता गेटवेच्या प्रत्येक एररला आरएफसी ९४५७ च्या साच्यातली (एररचा तपशील देणारी) जेसन बॉडी लावलीय, त्यातल्या टाइप फील्डवरून कळतं की लिमिट गेटवेचं लागलं की प्लॅनचं. एवढ्यावर निम्मी भांडणं मिटली.

डॅशबोर्ड न दाखवण्याचं मात्र कुठल्याही प्लॅटफॉर्म टीमने समर्थन करू नये. तिथे तुमचं बरोबर आहे.

अर्धविराम
रात्रपाळी, धन्यवाद, दोन लिमिटांचा मुद्दा आमच्याकडे कोणीच असा मांडला नव्हता. पण "आकडा तुमचा" हे ऐकायला छान वाटतं, तो आकडा राहतो मात्र तुमच्या रेपोमध्ये (कोड आणि कॉन्फिगच्या साठ्यात). मला बदलायचा तर तिकीट, मग ग्रूमिंग (कामांची छाननी), मग पुढचा स्प्रिंट (कामाचा पुढचा टप्पा), मग "टेस्ट एन्व्हायर्नमेंटमध्ये लावलाय, बघून सांगा". जबाबदारी माझी आणि किल्ली तुमच्याकडे, हे कसं चालणार?

तिरसट
+१. तिकीट हीच आमच्याकडची खरी मिडलवेअर आहे.

खटपट्या
आलो. या किल्लीच्याच प्रश्नावर लिहिणार होतो.

आमच्याकडे कुबरनेटिस (अनेक सर्व्हरच्या क्लस्टरवर सर्व्हिस चालवणारी सिस्टिम) आहे आणि बरीच वर्षं सगळं इन्ग्रेसवर (बाहेरची रिक्वेस्ट कुठल्या सर्व्हिसकडे जाईल ते लिहायची तिथली जुनी पद्धत) चालायचं. इन्ग्रेसचा स्टँडर्ड भाग इतका तोकडा की होस्ट, पाथ आणि टीएलएस (एन्क्रिप्शन) सोडून फारसं काही लिहिता येत नाही, मग टाइमआउट असो, बॉडी साइज असो, रीराइट असो, सगळं अ‍ॅनोटेशनमध्ये (फाइलला जोडलेल्या जादा टिपांमध्ये) कोंबायचं. आणि ते अ‍ॅनोटेशन डेव्हच्या फाइलमध्ये. म्हणजे किल्ली डेव्हकडेच होती, पण सगळ्या घराची! इन्ग्रेस-एनजिनएक्समध्ये (एनजिनएक्स वापरून इन्ग्रेस राबवणारा प्रकार) स्निपेट अ‍ॅनोटेशनमधून कच्चं एनजिनएक्स कॉन्फिग घुसवता यायचं, २०२१ मध्ये त्याच वाटेने अख्ख्या क्लस्टरमधली सिक्रेट्स (पासवर्ड, किल्ल्या) वाचता येतात असं निघालं आणि पुढे ती सोय डिफॉल्टने बंद झाली. म्हणजे एकतर डेव्हला काहीच द्यायचं नाही नाहीतर सगळंच द्यायचं, मधलं काही नाही.

गेटवे एपीआय नावाचा जो नवा प्रकार आलाय (ऑक्टोबर २०२३ ला १.० झाला) त्यात ही वाटणी मुळातच करून ठेवलीय. गेटवेक्लास इन्फ्रा पुरवणाऱ्याचा, गेटवे हा क्लस्टर चालवणाऱ्याचा, म्हणजे कुठला पोर्ट, कुठलं सर्टिफिकेट, आणि कुठल्या नेमस्पेसमधून (क्लस्टरमधल्या कप्प्यातून) रूट जोडू द्यायचे. आणि एचटीटीपीरूट हा अ‍ॅप लिहिणाऱ्याचा, तो त्याच्या नेमस्पेसमध्ये, त्याच्याच रेपोत, पीआर (बदलाचा प्रस्ताव) टाकायचा आणि मर्ज (मूळ कोडमध्ये सामील) करायचा. प्लॅटफॉर्मने गेटवेवर परवानगी दिलेली नसेल तर रूट जोडलाच जात नाही आणि तसं स्टेटसमध्ये दिसतं. आमच्याकडे तिकिटं धडाधड कमी झाली ती यानेच, मीटिंगांनी नाही.

दोन खुसपटं काढतोच. एक, टाइमआउट आता एचटीटीपीरूटमध्ये लिहिता येतो पण रेट लिमिट अजून त्या स्टँडर्डमध्ये नाही, प्रत्येक गेटवेची पॉलिसी वेगळी, म्हणजे उद्या गेटवे बदलला की तो भाग परत लिहा. दोन, किल्ली दिली म्हणून डेव्ह ती फिरवतीलच असं नाही. आमच्या अर्ध्या टीम डिफॉल्टवर बसून आहेत, त्यांना विचारलं तर "आम्हाला वाटलं ते तुम्ही बघता".

रात्रपाळी
शेवटच्या वाक्याला टाळ्या. म्हणून डिफॉल्ट असा ठेवायचा की काहीच केलं नाही तरी चालेल, आणि वरची मर्यादा अशी की काहीही केलं तरी शेजारी मरणार नाही. मधल्या जागेत डेव्हने काय वाट्टेल ते करावं, पीआरला आमचं अ‍ॅप्रूव्हल लागत नाही, सीआयमधली (कोड आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेतली) पॉलिसी चेक करते. टाइमआउट ३० सेकंदांच्या आत असेल तर मर्ज, त्यावर हवा असेल तर मात्र आमच्याशी बोला, कारण तेव्हा बहुतेक वेळा टाइमआउट वाढवण्यापेक्षा ते काम असिंक (उत्तरासाठी न थांबवता मागे) करायला हवं असतं.

नवखी
मी या क्षेत्रात नवीन आहे, प्रश्न बाळबोध असेल तर सोडून द्या. आमच्याकडे गेटवेवर जेडब्ल्यूटी (कॉल करणारा कोण ते सांगणारं सही केलेलं टोकन) तपासला जातो. मग सर्व्हिसमध्ये परत ऑथ कशाला लिहायचं? सीनियर म्हणतात लिहायलाच पाहिजे, कारण मात्र सांगत नाहीत.

मूकवाचक
नवखी, अजिबात बाळबोध नाही. एरवी नुसता वाचत असतो पण हा माझा विषय आहे (सिक्युरिटी) म्हणून लॉगिन केलं.

गेटवे काय तपासतो? टोकनची सही खरी आहे ना, मुदत संपली नाही ना, इश्यूअर (देणारा) आणि ऑडियन्स (कोणासाठी) बरोबर ना, फार तर स्कोप (कशाची परवानगी). म्हणजे तू कोण आहेस ते त्याला कळलं. आता तू ऑर्डर क्रमांक ५०१ मागितलीस, ती ऑर्डर तुझी आहे की दुसऱ्याची हे गेटवेला कुठून कळणार? ते डेटाबेसमध्ये आहे आणि डेटाबेस सर्व्हिसचा आहे. यूआरएलमधला ५०१ बदलून ५०२ केला आणि दुसऱ्याची ऑर्डर दिसली, याला बोला म्हणतात, ब्रोकन ऑब्जेक्ट लेव्हल ऑथरायझेशन, आणि ओवास्प या सिक्युरिटी संस्थेच्या एपीआय धोक्यांच्या यादीत २०१९ लाही तो पहिल्या नंबरवर होता आणि २०२३ लाही पहिल्याच नंबरवर आहे. कितीही महागडा गेटवे आणा, हे भोक त्याला बुजवता येत नाही. ते डेव्हचंच.

उलट बाजूही सांगतो. बऱ्याच ठिकाणी गेटवे टोकन तपासून पुढे एका साध्या हेडरमध्ये यूझर आयडी पाठवतो आणि सर्व्हिस त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवते. त्यासाठी दोन गोष्टी व्हायलाच हव्यात. बाहेरून त्याच नावाचा हेडर आला तर गेटवेने तो आधी उडवायचा, आणि गेटवेला वळसा घालून सर्व्हिसपर्यंत कोणाला पोचता येता कामा नये. या दोन्ही प्लॅटफॉर्मच्या. आणि या दोन्ही धरून चालल्यात असं कुठेतरी लिहून ठेवणं डेव्हचं, कारण उद्या कोणीतरी अंतर्गत वापरासाठी म्हणून दुसरा लोड बॅलन्सर (रिक्वेस्ट सर्व्हरमध्ये वाटून देणारा) उभा करतो आणि मग कोणीही कोणाच्याही नावाने आत.

वाटणी नीट नसली की काय होतं त्याचं जाहीर उदाहरण म्हणजे ऑस्ट्रेलियातली ऑप्टस ही टेलिकॉम कंपनी, सप्टेंबर २०२२. तिथल्या नियामकाने कोर्टात जे मांडलं त्यानुसार २०१८ मधल्या एका कोडिंग चुकीमुळे एपीआयवरचा अ‍ॅक्सेस कंट्रोल निकामी झाला होता. ती चूक २०२१ मध्ये मुख्य डोमेनवर सापडली, दुरुस्तही झाली, पण तोच एपीआय दुसऱ्या एका डोमेनवरही उघडा होता, तो वापरातही नव्हता, आणि तिथे कोणी बघितलंच नाही. ९५ लाखांवर ग्राहकांची माहिती गेली. आता बघा, कोड दुरुस्त करणं डेव्हचं, पण "हा एपीआय अजून कुठून कुठून दिसतो" ही यादी कोणाची? माझ्या मते ती प्लॅटफॉर्मची, कारण डीएनएस (डोमेन नावांच्या नोंदी) आणि रूट त्यांच्याकडे आहेत. डेव्हला ती न मागता दिसली पाहिजे.

नवखी
खूप आभार! सीनियरना धागा दाखवते. (नको, दाखवत नाही.)

तिरसट
थोडक्यात, प्लॅटफॉर्मने गेटवे विकत आणायचा, सगळ्यांना मेल टाकायचा "आता एपीआय सिक्युअर झाले", आणि बोला डेव्हच्या गळ्यात. आयजीच्या जिवावर बायजी उदार.

खटपट्या
तिरसट, तुम्हाला प्लॅटफॉर्मने नक्की काय केलंय एकदा सांगून टाका :)

बरं, एक असा प्रकार सांगतो ज्यात चूक दोघांचीही नाही आणि तरी सिस्टिम पडते. तुरळक ५०२ (गेटवेला मागून नीट उत्तर न मिळाल्याचा एरर). दिवसभरात लाखांत काही, पॅटर्न काही नाही, लोड कमी असतानाही येतात. डेव्ह म्हणतात आमच्या लॉगमध्ये एररच नाही, प्लॅटफॉर्म म्हणतंय बॅकएंडने कनेक्शन तोडलं. दोघंही खरं बोलतायत.

होतं असं की पुढे एडब्ल्यूएस क्लाउडचा एएलबी हा लोड बॅलन्सर, त्याचा आयडल टाइमआउट (रिकामं कनेक्शन किती वेळ उघडं ठेवायचं) डिफॉल्ट ६० सेकंद. मागे नोडची (सर्व्हरवर चालणाऱ्या जावास्क्रिप्टची) सर्व्हिस, तिचा कीप-अलाइव्ह टाइमआउट (तेच, तिच्या बाजूने) बरीच वर्षं डिफॉल्ट ५ सेकंद. एएलबी कनेक्शन उघडं ठेवतो, पुढच्या रिक्वेस्टला परत वापरू म्हणून. ५ सेकंद काही आलं नाही की नोड म्हणते चला बंद करा. आणि नेमकं त्याच क्षणी एएलबीने त्याच कनेक्शनवर नवी रिक्वेस्ट टाकलेली असते. नोडने दार लावलं, रिक्वेस्ट दारातच पडली, एएलबीने क्लायंटला ५०२ दिला. नोडच्या कोडपर्यंत काही पोचलंच नाही म्हणून लॉग कोरा. लोड कमी असताना जास्त दिसतं कारण तेव्हा कनेक्शन रिकामी बसतात.

उपाय एका ओळीचा, मागच्याचा कीप-अलाइव्ह पुढच्याच्या आयडल टाइमआउटपेक्षा जास्त ठेवा, ६० असेल तर ६५. पण ही ओळ लिहायची कोणी? ती डेव्हच्या कोडमध्ये आहे आणि ती का हवी हे कळायला लोड बॅलन्सरचा आकडा माहीत पाहिजे, जो प्लॅटफॉर्मकडे. आम्ही ती सर्व्हिस टेम्प्लेटमध्येच टाकून दिली, नवीन सर्व्हिस जन्मतःच ६५ घेऊन येते. जुन्या सर्व्हिसना पीआर पाठवले. पीआर प्लॅटफॉर्मने पाठवायचा, मर्ज डेव्हने करायचा, आणि त्यानंतर ती ओळ डेव्हची.

रिट्रायचंही (फसलेला कॉल परत करून बघणं) तसंच. क्लायंट ३ वेळा प्रयत्न करतो, गेटवे ३ वेळा, सर्व्हिस पुढच्या सर्व्हिसला ३ वेळा. प्रत्येकाला वाटतं आपण शहाणपणा करतोय. शेवटची सर्व्हिस धापा टाकत असते तेव्हा तिला एका रिक्वेस्टमागे २७ धक्के बसतात. रिट्राय एकाच थरात हवा, आणि कुठल्या कॉलला तो चालतो हे डेव्हने सांगायचं, कारण पेमेंटचा पोस्ट कॉल दोनदा गेला तर काय होतं ते गेटवेला माहीत नसतं.

रात्रपाळी
हे ५०२ पुराण आमच्याकडेही जसंच्या तसं झालंय. त्यात भर एवढीच, गेटवेचे अ‍ॅक्सेस लॉग डेव्हला वाचायला द्या आणि कसे वाचायचे ते एका पानावर लिहून द्या. एनजिनएक्समध्ये स्टेटसच्या शेजारी अपस्ट्रीम (मागच्या सर्व्हिसचा) स्टेटस लॉग करा. क्लायंटला ४२९ किंवा ४१३ (बॉडी फार मोठी) गेला आणि अपस्ट्रीमच्या जागी नुसता डॅश दिसला तर ते उत्तर गेटवेनेच परस्पर दिलंय, सर्व्हिसला विचारलंच नाही. (४१३ वरून आठवलं, एनजिनएक्सची बॉडीची डिफॉल्ट मर्यादा १ एमबी आहे, फाइल अपलोडचा एपीआय पहिल्यांदा लाइव्ह जातो तेव्हा दर वेळी हा गोंधळ ठरलेला.) एनजिनएक्सऐवजी एन्व्हॉय असेल तर लॉगमधला रिस्पॉन्स फ्लॅग बघा, यूटी म्हणजे मागच्याने वेळेत उत्तर दिलं नाही, आरएल म्हणजे रेट लिमिट, एनआर म्हणजे रूटच सापडला नाही. आमचे अलर्ट आता यावरच वाटले जातात, यूटी आला की पेजर डेव्हचा वाजतो, एनआर आला की आधी आमचा. पूर्वी सगळे ५xx (सर्व्हरच्या बाजूचे एरर) आमच्याकडे यायचे, आम्ही रात्री उठून डेव्हला उठवायचो, म्हणजे दोन माणसं जागी आणि काम एकाचं.

अर्धविराम
हे अलर्टचं उद्याच मांडतो. आता माझी दुसरी तक्रार. प्लॅटफॉर्मने सीआयमध्ये ओपनएपीआय (स्पेक लिहायचा ठरलेला साचा) स्पेकचा लिंटर (नियम तपासणारं टूल) बसवलाय आणि वर्णनात पूर्णविराम नाही म्हणून बिल्ड अडते! वर्णनात पूर्णविराम! आणि त्याच दिवशी दुसऱ्या टीमने एक फील्ड काढून टाकलं, आमचं अ‍ॅप फुटलं, आणि लिंटर हिरवा, कारण स्पेक "नियमात बसणारा" होता.

मूकवाचक
हाहा. उंटावरून शेळ्या हाकणं ते हेच.

खटपट्या
अर्धविराम, या दोन वेगळ्या तपासण्या आहेत. लिंटर एकच स्पेक बघतो, जुना आणि नवा ताडून बघत नाही. त्यासाठी ओएएसडिफसारखं टूल लागतं, ते मेन ब्रँचवरचा स्पेक आणि तुमचा स्पेक शेजारी ठेवून सांगतं की रिस्पॉन्समधलं फील्ड गेलं, किंवा रिक्वेस्टमध्ये नवं फील्ड सक्तीचं झालं. बिल्ड अडवायची तर त्यावर अडवा. नावं, पूर्णविराम वगैरे नुसत्या वॉर्निंग, कोणाला हौस असेल तर दुरुस्त करेल. नियमांची फाइल रेपोत उघडी ठेवा म्हणजे डेव्हलाही त्यावर पीआर टाकता येईल. आमच्याकडे सगळ्यात कामाचे नियम डेव्हकडूनच आलेत. स्पेक मात्र डेव्हचाच, त्याच्या कोडशेजारी. प्लॅटफॉर्मने तो उचलून पोर्टलवर दाखवायचा. पोर्टलवर हाताने लिहिलेलं डॉक्युमेंटेशन पुढच्या रिलीजला खोटं ठरतं.

नवखी
आमच्याकडे प्लॅटफॉर्म टीमच नाहीये, तिघंच जण आहोत. मग हे सगळं कसं?

रात्रपाळी
तिघांत गेटवे घेऊच नका हाताने चालवायला, क्लाउडचा मिळतो तो वापरा. आणि तिघांपैकी एकाच्या डोक्यात जे आहे ते रेपोत आणा, बास. वाटणीची चिंता माणसं वाढली की करा.

तिरसट
बरं, एक खरा प्रश्न, टोमणा नाही. जुनी व्हर्जन बंद कोणी करायची? आमच्याकडे व्ही१ (पहिली व्हर्जन) अजून जिवंत आहे, ज्यांनी लिहिलं त्यातलं कोणी उरलं नाही, आणि डेव्ह-प्लॅटफॉर्म दोघंही हात लावत नाहीत. भिजत घोंगडं.

रात्रपाळी
निर्णय डेव्हचा (म्हणजे त्यांच्या प्रॉडक्टवाल्यांचा), पुरावा प्लॅटफॉर्मचा. कोणाची एपीआय की (ओळखीची किल्ली) व्ही१ ला अजून कॉल करतेय हे गेटवेच्या लॉगमधून काढून आम्ही दर आठवड्याला डेव्हला देतो. त्या यादीत बहुतेक वेळा दोन-चारच नावं असतात आणि त्यातलं एक स्वतःच्याच कंपनीचं विसरलेलं क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) निघतं. मग डेव्ह तारीख ठरवतात, आम्ही गेटवेवरून त्या रूटवर डेप्रिकेशन (हे आता वापरू नका) आणि सनसेट (अमुक तारखेला बंद) हेडर लावतो. सनसेट २०१९ च्या आरएफसी ८५९४ मधला, डेप्रिकेशनला २०२५ मध्ये आरएफसी ९७४५ मिळाला. खरं सांगायचं तर हेडर कोणी वाचत नाही. म्हणून तारखेच्या आधी काही वेळा ठरवून, आधी कळवून, व्ही१ थोडा वेळ ४१० ("हे आता इथे नाही") वर ठेवायचं. ज्याला दुखतं तो फोन करतो. फोन घ्यायचा डेव्हने, परत चालू करायचं बटण आमच्याकडे. मालक नसलेली सर्व्हिस असेल तर आधी मालक नेमा, त्याशिवाय आमच्याकडे रूट पुढच्या वर्षात जात नाही.

तिरसट
हे आवडलं. मालक नाही तर रूट नाही. आणि सर्टिफिकेट? ते तरी निर्विवाद तुमचं ना?

रात्रपाळी
ते आमचंच, आणि ते पूर्ण ऑटोमॅटिक करण्यावाचून इलाज नाही, कारण सार्वजनिक सर्टिफिकेटची कमाल मुदत कमी कमी होत १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर येणार आहे, हाताने कोण बदलत बसणार. फक्त एक सांगा आम्हाला, तुमच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये कोणी सर्टिफिकेट पिन करून (तेवढंच एक खरं मानून) ठेवलंय का. आम्ही नवीन सर्टिफिकेट आपोआप लावणार, सर्व्हर सगळे हिरवे दिसणार आणि अ‍ॅप मात्र कनेक्टच होणार नाही, कारण त्यात जुनंच कोरलेलं. ते आम्हाला आमच्या बाजूने दिसत नाही.

अर्धविराम
...अ‍ॅप टीमला विचारून येतो.